अडचण काही नाही

आमच्या ऑफिसात कामाची अजाइल पद्धत सुरू करायची आहे, जरा येऊन चार गोष्टी सांगा, असं म्हणत हल्ली लोक मला बोलावतात. जबलपुरातलीच ऑफिसं असतात, दहा-बारा माणसांची, खाली मोबाइलचं दुकान आणि जिना चढून वर गेलं की सॉफ्टवेअर. मी जाते. चहा येतो, समोसे येतात, सगळे वह्या उघडून बसतात. मी सांगते, सकाळच्या मीटिंगला उभं राहण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. कोणालाही रोज शेवटी बोलायला लावू नका. आणि रोज उठून ‘अडचण काही नाही’ म्हणणारा जो माणूस असेल, त्याच्याशेजारी मीटिंगनंतर खुर्ची ओढून बसा. एवढं सांगून मी गप्प होते. लोक थोडा वेळ वाट पाहतात. मग कोणीतरी विचारतं, "वो तो ठीक है मैडम, पर टूल कौन-सा लें?"

मला राग येतो. तो मी समोशाबरोबर गिळते, कारण एके काळी मीही हेच विचारत होते.

या तीन गोष्टी मी एका माणसाचे डोळे गेल्यावर शिकले. डोळे गेले ते साखरेच्या आजाराने, हे खरं आहे. पण वेळेवर नागपूरला उपचार झाले असते तर ते बरेचसे वाचले असते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत त्यात माझा हात आहे, हेही तितकंच खरं आहे.

आमचं ऑफिस राइट टाउनमध्ये होतं. शाळा-कॉलेजांचे निकाल तयार करणारा प्रोग्रॅम आम्ही बनवत असू. म्हणजे खरं तर तो एकट्या सरांनी बनवला होता, सोळा-सतरा वर्षांपूर्वी, आणि बाकीचे आम्ही त्याला ठिगळं लावत होतो. सर गढा वस्तीत राहायचे, मराठी, पंचावन्नच्या पुढचे. मी कॉलेजातून निघून पहिल्यांदा त्या ऑफिसात आले तेव्हा मला प्रोग्रॅममधलं काय येत होतं? नापास मुलाला पास करून दाखवलं होतं मी पहिल्याच आठवड्यात, आणि पास झालेल्या साऱ्या शाळेला नापास. सर ओरडले नाहीत. म्हणाले, "चल खाली, आधी चहा पिऊ. मग पाहू कोणाकोणाचं नुकसान केलंस ते."

तेव्हापासून अकरा वाजताचा चहा ठरून गेला. खाली टपरीवर, त्यांचा बिनसाखरेचा, माझा साखरेचा. वर दिवसभर हिंदी चालायची, टपरीवर आम्ही मराठी बोलायचो. घरी माझ्या पुतण्या-भाच्यांना मराठी समजते पण बोलता येत नाही, त्यामुळे माझी मराठी आईनंतर सरांजवळच उरली होती. प्रोग्रॅम कसा वाचायचा, चूक कुठे शोधायची, गिऱ्हाइकाला ‘होईल’ कधी म्हणायचं आणि ‘पाहतो’ कधी, हे सगळं मी त्या टपरीच्या बाकावर शिकले. माझी जीभ तिखट आहे, हेही मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. "कामात तिखट चालते गं, माणसाशी नको."

मग बंगलोरच्या एका मोठ्या कंपनीचं काम आलं. त्यांची अट होती की काम अजाइल पद्धतीनेच व्हायला हवं. म्हणजे वर्षभराचं काम एकदम न करता दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे. एका तुकड्याला स्प्रिंट म्हणायचं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी भिंतीवरच्या बोर्डावर लावायची आणि काम पुढे सरकेल तशी ती डावीकडून उजवीकडे सरकवायची. रोज सकाळी सगळ्यांनी बोर्डासमोर पंधरा मिनिटं उभं राहून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय आहे. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले मी, आणि मालकांनी मलाच टीमची प्रमुख केलं. सरांना नाही. सर म्हणाले, "चांगलं झालं. मला कुठे जमणार हे उभ्या-उभ्याने." मी त्यावर हसले. त्यांना वाईट वाटलं असेल का, हा विचार त्या वेळी मनात आला नाही.

नवी सून जरा जास्तच झाडलोट करते म्हणतात, तसं माझं झालं. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. मनगट डोळ्यांसमोर धरून मी उभी राहायची. चौदा मिनिटांत मीटिंग संपली की बंगलोरला कौतुकाने कळवायची. प्रत्येकाच्या चिठ्ठीला वेगळा रंग दिला, सरांचा पिवळा. रोज किती काम उरलं त्याची उतरती रेघ भिंतीवर काढली. कोणी सुट्टी घेतली की रेघ जागच्या जागी अडायची आणि ते मला डोळ्यात खुपायचं, म्हणून मी नियम काढला की स्प्रिंटच्या मध्ये सुट्टी नाही. कुठल्याही पुस्तकात हा नियम नाही. तो माझा.

बोलण्याचा क्रम मात्र मी ठरवला नव्हता, तो आपोआप पडला. आमच्याकडे मोठ्या माणसाला कोणी आधी विचारत नाही. पोरं म्हणायची, "पहले हम लोग बोल लेते हैं, सर आख़िर में." मान म्हणून. सर रोज शेवटी बोलायचे, तेव्हा तेरा मिनिटं होऊन गेलेली असायची. ते म्हणायचे, "कल वाला चल रहा है. आज भी वही. अड़चन कुछ नहीं." दहा सेकंदांत. मला फार बरं वाटायचं.

आता आठवतं, काय काय डोळ्यांसमोर होतं. सर बोर्डाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहू लागले. जिना उतरताना कठड्याला हात लावू लागले. आणि कागद! प्रिंटरमधून रोज पन्नास-पन्नास पानं काढून पिशवीत घालून घरी न्यायचे. आम्ही चिडवायचो, "सर, रद्दी का धंधा शुरू किया क्या?" ते हसून म्हणायचे, "जुना माणूस आहे, कागदावर वाचल्याशिवाय कळत नाही." अकराचा चहा तर केव्हाच बंद पडला होता. मला अकरा वाजता बंगलोरचा फोन असायचा.

एकदा ते माझ्या टेबलाजवळ आले. मराठीत म्हणाले, "पुढच्या बुधवारी नागपूरला जायचं होतं. तीन-चार दिवस."

मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाले, "सर, स्प्रिंटच्या मध्ये नका नं जाऊ. शुक्रवारनंतर जा."

"त्यांचा बुधवारच असतो," ते म्हणाले.

कोणाचा बुधवार, काहून जायचं, काही विचारलं नाही मी. काकूंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं, माहेर नागपूरचं, तेव्हा साखरपुडा नाहीतर वास्तुशांत असेल, असं मनातल्या मनात ठरवून टाकलं. "पाहा नं जमवून, सर. तुम्हीच असं केलं तर पोरं काय शिकतील?"

"बरं," ते म्हणाले.

महिन्याभराने ते पुन्हा आले, पुन्हा बुधवार म्हणाले, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा ते आले नाहीत.

तरी भिंतीवरची रेघ नीट उतरत होती. सरांच्या पिवळ्या चिठ्ठ्या उजवीकडे जात होत्या, कधी एखादी मागे राहिली तर मीच सरकवून द्यायची. काम तर झालेलं असायचंच, फक्त सर चिठ्ठी हलवायला विसरले असतील, असं मी धरून चालायची.

मग तो दिवस आला. रंगीत चिठ्ठ्या संपल्या होत्या, आणि बाजारातून आल्या त्या सगळ्या गुलाबी. मी आदल्या संध्याकाळी जुना बोर्ड साफ करून सगळं नव्याने लावलं. सगळ्यांच्या चिठ्ठ्या गुलाबी, खाली नाव लिहिलेलं. सकाळी बंगलोरची माणसं पहिल्यांदाच व्हिडिओवर आमची मीटिंग पाहणार होती. मी नवी साडी नेसून आले होते.

सगळे बोलले. शेवटी सर. ते बोर्डाजवळ गेले, रोज जिथे त्यांची चिठ्ठी असायची तिथे हात ठेवला, आणि म्हणाले की हे काम काल अर्धं झालं, आज पूर्ण होईल. ती चिठ्ठी त्यांची नव्हती. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मुलीची होती, आणि तिने दोनच मिनिटांपूर्वी त्याच कामाबद्दल सगळं सांगितलं होतं. पोरांनी माना खाली घातल्या. एकही हसलं नाही. स्क्रीनवरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मी घड्याळ पाहिलं, सोळा मिनिटं झाली होती.

आणि मी म्हणाले, "सर, ज़रा पढ़ के तो बोलिए."

सरांनी हात बोर्डावरून खाली घेतला. माझ्या दिशेने वळले, पण नेमकं माझ्याकडे नाही, थोडं बाजूला पाहत म्हणाले, "सॉरी, मैडम जी."

मला नापास पोरांच्या याद्यांपासून वर आणलेला माणूस मला मैडम जी म्हणाला. त्यात टोमणा असता तर मी सहन केला असता. टोमणा नव्हता. चूक झालेला माणूस मोठ्या माणसाशी जसं बोलतो तसे ते बोलले. मी मान हलवली आणि मीटिंग संपवली.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मालकांकडे राजीनामा आला, दोन ओळींचा, तब्येतीचं कारण देऊन.

त्या स्प्रिंटच्या शेवटी आमची मागे वळून पाहण्याची मीटिंग झाली. हीसुद्धा या पद्धतीतली एक रीत आहे: काय चांगलं झालं, काय चुकलं, हे प्रत्येकाने मोकळेपणाने बोलायचं. तोवर आमच्याकडे या मीटिंगमध्ये ‘सब अच्छा है जी’ यापलीकडे काही निघालं नव्हतं. त्या दिवशी मी विचारलं की सर गेले तरी रेघ जागच्या जागी अडली कशी नाही? मग सरांच्या शेजारी बसणारी ती मुलगी म्हणाली, "मैडम, सर का थोड़ा-थोड़ा मैं कर देती थी."

कोपऱ्यातला दुसरा चमकून म्हणाला, "अच्छा? मैं भी."

तिसराही तेच म्हणाला. चौथी मी, चिठ्ठ्या सरकवणारी. चार माणसं एका माणसाचं काम वाटून उचलत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. मी चिडून विचारलं, "बोले क्यों नहीं?" ती मुलगी म्हणाली, "सर हैं ना, मैडम. सबके सामने कैसे बोलते? अच्छा नहीं लगता."

तिला मी काय बोलणार होते? झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच आपण लहानपणापासून शिकतो. मोठ्या माणसाचं उणं दिसलं की त्यावर पांघरूण घालायचं, हीच आपली माया. बंगलोरहून आलेली पद्धत म्हणते, उघड करा म्हणजे मदत करता येईल. आम्ही भिंतीवर बंगलोरचा बोर्ड लावला आणि त्याच्यामागे आपलं पांघरूण शिवून टाकलं. त्यामुळे रेघ सुंदर उतरली आणि सर नागपूरला गेले नाहीत.

मी त्यांच्या घरी जायला दोन महिने लावले. रोज ठरवायची, रोज काहीतरी काम निघायचं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती आणि भीती वाटत होती. एका रविवारी स्कूटर काढली आणि गढ्यातली ती गल्ली गाठली. दार काकूंनी उघडलं. काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. "ये, ये. केव्हाची वाट पाहून राहिलो आम्ही तुझी," त्या म्हणाल्या, आणि मला तिथेच रडू आलं.

सर आत दिवाणावर बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी चेहरा वर केला. राजीनामा दिल्यावर चारच दिवसांनी डोळ्यात रक्त उतरलं होतं. मग नागपूर, मग ऑपरेशन. डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिथल्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच सांगून ठेवलं होतं की डोळ्याच्या पडद्याला लेझर लावावं लागेल, इंजेक्शनं ठरल्या तारखेला घ्यावी लागतील, तारीख चुकवायची नाही. पडद्याचे पेशंट ते बुधवारी पाहत. जबलपुरातही डोळ्यांचे डॉक्टर आहेत, पण काकूंचा भरवसा माहेरच्या त्या डॉक्टरांवर. दोन बुधवार मी अडवले. त्यानंतरचे त्यांनी स्वतःच सोडून दिले.

"मग काम कसं करत होता, सर?" मी विचारलं.

काकू उठल्या आणि कपाटातून तो गठ्ठा काढून आणला. तीच पानं, आम्ही ज्यांना रद्दी म्हणत होतो. "मी वाचून दाखवत होती नं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी जेवणाच्या आधी तास-दोन तास. मला त्यातलं काय कळतं? पण अक्षरं तर येतात. कंस उघडला, कंस बंद झाला, बरोबरची दोन चिन्हं, असं सगळं वाचायची. ते डोळे मिटून ऐकत आणि कुठे चुकलं ते सांगत. मी लाल पेनाने तिथे खूण करायची. शेवटी-शेवटी तर मलाच कळायचं, की अहो, हा कंस बंद नाही झाला." त्या हसल्या. पानांवर खरोखर लाल खुणा होत्या, शाळेच्या वह्या तपासल्यासारख्या.

सोळा-सतरा वर्षं जपलेला प्रोग्रॅम त्या बाई रोज संध्याकाळी अक्षर-अक्षर वाचत होत्या. मी प्रशिक्षणात शिकून आले होते की दोघांनी शेजारी बसून एकच काम केलं तर चुका कमी होतात. ऑफिसात मी ते कधी सुरूच केलं नाही, वेळ जातो म्हणून. सरांना फक्त एक शेजारी वाचणारं माणूस हवं होतं आणि चार दिवसांची सुट्टी. दोन्ही माझ्या हातात होतं.

"मला सांगायचं होतं नं, सर," मी म्हणाले. हे म्हणताना माझं मलाच कळत होतं की हे किती पोकळ आहे.

"माझी कामं पोरं करून राहिली आहेत, हे मला ठाऊक होतं," सर म्हणाले. "ती बोलत नव्हती, मग मीही नाही बोललो."

काकू चहा करायला आत गेल्या. स्वयंपाकघर समोरच होतं, तिथूनच त्या बोलत होत्या. "सकाळी मी पोळ्या लाटून राहायची नं, तेव्हा हे इथे दारात उभे राहून मला म्हणून दाखवत. रोज. शाळेतली मुलं कविता पाठ करून दाखवतात तसं. काल काय केलं, आज काय करणार. आणि मग तिसरं. हिंदीत, सगळ्यांसमोर चुकू नये म्हणून. ‘मुझे दिख नहीं रहा है, आँखों का इलाज कराना है, चार दिन चाहिए.’ मी म्हणायची, छान झालं, आज सांगूनच या." कपबशीचा आवाज झाला. मग त्या दाराशी आल्या आणि मला विचारलं, "त्यांनी तिसरं कधी सांगितलंच नाही का गं तुम्हाला?"

मी सरांकडे वळले.

"नाही सांगितलं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "रोज ठरवूनच येत होतो. पण माझी पाळी आली नं, की तू घड्याळ पाहायची. बोर्डावरचं काही दिसत नव्हतं मला. पण हात वर जाताना दिसायचा."

मी घड्याळाचा हात पटकन ओढणीखाली घेतला. आता तो त्यांना दिसणारच नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.